सात नंबरचं झाड

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती विसर्जनाला चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर सोसायटीच्या फाटकाजवळच्या उंच झाडावर एक कागद डकवलेला. पावसानं कोपरे भिजलेले, शाई थोडी पसरलेली. चष्मा पुसून वाचू लागले. इमारतीचा पुनर्विकास होणार, त्यासाठी आवारातली अकरा झाडं तोडायची किंवा हलवायची आहेत, कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी, असा मजकूर होता. खाली यादी. नारळ तीन, सोनमोहर दोन, अशोक दोन, गुलमोहर, आंबा आणि जांभूळ एकेक. आणि सातव्या क्रमांकावर, ज्या झाडावर तो कागद होता त्याच झाडाच्या नावापुढे, एकच शब्द : 'जंगली'.

आमची इमारत मुलुंडची, १९७१ सालची. प्लास्टर पडत होतं, पाइप गळत होते. पुनर्विकासाच्या कागदांवर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. मीही केली होती. तेव्हा खोल्या किती, लिफ्ट किती, गाडी कुठे लावायची हे सगळं आम्ही बारकाईनं विचारलं. झाडांचं काय, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

तो 'जंगली' शब्द वाचून मात्र मला राग आला. 'जंगली काय म्हणता, हे तर...' असं मनाशी म्हणायला गेले आणि पुढचा शब्दच सुचेना. लग्न होऊन आल्यापासून बत्तीस वर्षं त्या झाडाखालून जा-ये केली. लेकीची शाळेची बस त्याच्याच सावलीत उभी राहायची. सासऱ्यांना शेवटचं खाली आणलं, तेव्हा मंडळी त्याच झाडाखाली थांबली होती. आणि त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. यादी करणाऱ्याला तरी काय नावं ठेवायची?

संध्याकाळी जिन्यात चर्चा रंगली. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ''कडुनिंब आहे तो. पानं बघा.'' कुणाच्या तरी मुलानं मोबाइलवर फोटो काढून शोधलं, तर मोबाइलनं तीन वेगवेगळी नावं सांगितली. एवढ्यात तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या.

''अगं, बुच आहे तो. ह्यांनीच लावलेला. दिवाळीत रात्री वास येतो, तो कशाचा वाटला तुला?''

खरं सांगते, इतकी वर्षं मी तो वास मागच्या बंगल्यातल्या रातराणीचा समजत होते.

बुचाचं झाड मुंबई-पुण्यात पुष्कळ ठिकाणी दिसतं. मूळचं ते म्यानमारच्या बाजूचं. साल जाड, भेगाळलेली, मऊ. हलक्या प्रतीचं बूच म्हणून ती वापरता येते, म्हणून हे नाव. कुणी त्याला गगनजाई म्हणतात आणि तेही नाव त्याला शोभतं. झाड सरळसोट वर जातं, पाऊस सरला की शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. फूल रात्री उमलतं, अंधारात पतंगांना बोलावतं आणि सकाळपर्यंत खाली सडा घालतं. लांब देठासारखी नळी आणि टोकाला चार-पाच पांढऱ्या पाकळ्या. ह्या नळ्या एकमेकींत गुंफल्या की सुईदोऱ्याशिवाय वेणी तयार होते. आजी म्हणाल्या, त्यांच्या मुलींनी असल्या वेण्या किती तरी घातल्या.

हरकत लिहायला बसलो तेव्हा कळलं, की कायद्याला नावाइतकंच वयही लागतं. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे. झाड तोडायचं तर परवानगी हवी, आधी जाहीर सूचना हवी, झाडावर कागद हवा, ही तरतूद त्यातलीच. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' मानायचं ठरलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अटही आली. पण बुचाचं वय सांगायचं कसं? तोडल्याशिवाय खोडातली वर्तुळं दिसत नाहीत, आणि दिसली तरी आमच्याकडच्या उष्ण हवेत ती मोजणं कठीणच.

आजींनी लोखंडी कपाटातून एक अल्बम काढला. काळ्या कागदांवर कोपरे लावून चिकटवलेले फोटो. त्यात सोसायटीच्या पहिल्या सत्यनारायणाचा एक : मंडप, टोप्या घातलेले पुरुष, नऊवारीतल्या दोन आज्या, आणि मागे फाटकापाशी कुंपणाच्या चार काठ्यांत उभं केलेलं एक शेलाटं रोप. पाठीमागे आजोबांच्या अक्षरात तारीख : २६ जानेवारी १९७२. त्या फोटोची प्रत हरकतीला जोडली. अर्जात 'जंगली' हा शब्द खोडून 'बुच' लिहा, असं पहिल्याच ओळीत मागितलं.

मग सुरू झालं पाहणी, फेरपाहणी, सुनावणी, पुढची तारीख. ह्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. त्या वर्षात मला एक खोडच लागली. एका झाडाचं नाव कळलं, की शेजारच्या झाडाचं माहीत नसलेलं डाचू लागतं. पिशवीत एक छोटी वही ठेवू लागले. कुठे काय फुललं, ते तारखेसह लिहायचं, एवढंच.

मुंबईला दोनच ऋतू, उन्हाळा आणि पावसाळा. थंडी फक्त वर्तमानपत्रात येते, असं आपण गमतीनं म्हणतो. वहीनं मला खोटं पाडलं.

आश्विनात पहिली नोंद सप्तपर्णीची. नवरात्र संपता संपता गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी एक जड, गोडसर वास भरून राहतो. कुणाला तो आवडतो, कुणाचं डोकं दुखतं. एका जागी सात-सात पानांचं चक्र आणि त्यात हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ. ह्याच्या हलक्या लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावातही विद्यार्थ्यांची आठवण ठेवलेली आहे. दसऱ्याला सोनं म्हणून आपण जी पानं वाटतो, ती पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. तोच कांचन पुढे दोन महिने जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरून जातो, तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

कार्तिकात आमचा बुच. त्याबद्दल पुढे सांगते.

माघात काटेसावर. मुलुंडच्या पाठीशी शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या कडेनं सावरी अंगावरचं पान न् पान टाकून देतात आणि नुसत्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं मांडतात. एका सकाळी अर्धा तास उभी राहून मोजलं : मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, इवलेसे शिंजीर आणि दोन खारी. सगळे एकाच झाडावर न्याहारीला. बाजूचा पांगारा आणि आतला पळसही ह्याच सुमाराचे. वसंत आला हे आपल्याला पंचांगात कळतं, पक्ष्यांना इथे कळतं.

फाल्गुनात पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या आसपास टॅबेबुया गुलाबी होतात. गाड्या थांबवून लोक फोटो काढतात. त्याच दिवसांत आवारातला 'अशोक' फुलला. त्याची फुलं हिरवी, ताऱ्यासारखी, पानांत लपलेली. बत्तीस वर्षांत मी ती पाहिली नव्हती. आणि तेव्हाच समजलं, की यादीतलं हेही नाव चुकलं आहे. तो अशोक नव्हेच, तो आसुपालव. सीतेचा म्हणतात तो अशोक वेगळा, बुटकासा, खोडाफांद्यांवर केशरी-लाल झुबके धरणारा. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन पाहिला.

चैत्रात करंज. आठ-पंधरा दिवस बोडका राहतो, मग कोवळ्या पानांनी असा चमकतो की तेल लावल्यासारखा. पाठोपाठ फुलं. ती झाडावर फारशी कळत नाहीत, खाली कळतात : फूटपाथवर कुणी चुरमुरे सांडावेत तशी. झाडणारी बाई रोज सकाळी ती गोळा करते आणि दुपारपर्यंत पुन्हा तितकीच पडलेली असतात. पिंपळाची तांबूस पालवीही ह्याच दिवसांतली. पालवीलाही फुलाइतकाच मान द्यावा, असं ती पाहिल्यावर वाटतं.

वैशाखात तर कुठे बघावं कळत नाही. बहाव्याचे पिवळे झुंबर, सोनमोहराचे उभे तुरे, पर्जन्यवृक्षाची गुलाबी रेशमी गोंड्यांसारखी फुलं. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांत एक पाकळी वेगळी, पांढुरकी, लाल ठिपक्या-रेघांची; मुलांना ती शोधायला सांगा. आमच्या लहानपणी कळीवरची दलं सोलून नखांवर चिकटवायचो आणि सगळ्या वाड्याला भीती दाखवत फिरायचो. महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे तामण फुलतो, हा मला मोठाच योग वाटतो, कारण तामण हे आपल्या राज्याचं फूल. झुरळी पडलेल्या, चुरगळून पुन्हा उलगडलेल्या जांभळ्या रेशमासारख्या पाकळ्या. राज्याचं फूल कोणतं, हे मी सोसायटीतल्या दहा जणांना विचारलं. एकानं बरोबर सांगितलं. तो स्पर्धा परीक्षेला बसलेला होता.

बहावा फुलला की दीड महिन्यानं पाऊस, असा जुना ठोकताळा आहे. तो दर वर्षी खरा ठरतो असं नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊस येतो आणि एप्रिलच्या अखेरीला बहावा भरात असतो, हे वहीत मांडलं की ठोकताळा कुठून आला असेल, ते कळतं. पाऊस लागला की कदंबाचे चेंडू. आणि समुद्राजवळ भेंडीचं झाड. भाजीची भेंडी नव्हे, तिचा मोठा भाऊ. त्याचं फूल सकाळी फिकं पिवळं उमलतं आणि मावळताना गुलाबी-लाल होतं, दिवसभरात रंग पालटतं.

झाडं शिकताना एक गंमत लोकलमध्येही झाली. आम्ही मध्य रेल्वेवरची माणसं. दादर सोडलं की परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, ही नावं पाठ. परळ हे पाडळीच्या झाडावरून आलं, भायखळा बहाव्यावरून, असं जुने अभ्यासक सांगतात. चिंचपोकळीत चिंच उघडच आहे. वडाळ्यात वड, उमरखाडीत उंबर, बाबुलनाथात बाभूळ, ताडदेवात ताड, बोरिवलीत बोर. भेंडीबाजाराच्या नावाबद्दल भांडण आहे : इंग्रजांच्या 'बाजारामागे' ह्या अर्थाच्या शब्दांचा तो अपभ्रंश, असं काही म्हणतात, तर काही तिथल्या भेंडीच्या झाडांकडे बोट दाखवतात. काहीही असो. ज्यांनी ह्या वस्त्यांना नावं दिली, त्यांना पत्ता सांगताना झाड पुरत होतं. ज्याच्या त्याच्या दारातलं झाड त्यांना नावानं माहीत होतं. आज आपण रोज तिकिटावर झाडांची नावं घेऊन प्रवास करतो आणि खिडकीबाहेरचं झाड ओळखू येत नाही.

नाव ओळखण्याचा मुद्दा मी एवढा का ताणून धरते? त्याचं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलं. सुनावणीच्या वेळी आंबा आणि जांभूळ यांच्याबद्दल सगळे हिरिरीनं बोलले. आंब्याच्या कैऱ्यांचं लोणचं घरोघर गेलेलं, जांभळानं सगळ्यांचे शाळेचे शर्ट रंगवलेले. सोनमोहराबद्दल दोघं-तिघं बोलले. आसुपालवाबद्दल कुणीच नाही. ज्याचं नाव, ज्याची आठवण, त्याच्यासाठी माणूस उभा राहतो. 'जंगली' म्हणून लिहिलेल्या झाडासाठी कोण उभं राहील? आमच्या बुचासाठी एक आजी होत्या, म्हणून निभावलं.

बुचाविरुद्ध बोलणारेही होते, आणि त्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. ह्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडते, असं पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. खरं आहे ते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून गेलं, तेव्हा शहरात शेकडो झाडं पडली. आमच्या रस्त्यावरचे दोन गुलमोहर गेले. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा, सोनमोहर आग्नेय आशियाचा. परदेशी झाडं आणली आणि ती उन्मळून पडली, असं म्हणणं सोपं आहे. त्यात तथ्यही आहे. बहाव्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात, तसं गुलमोहराकडून फारसं होत नाही. नवं झाड लावायचं तर करंज, बहावा, तामण, कदंब लावावा, असंच मीही म्हणेन.

पण पडलेल्या गुलमोहराची मुळं मी पाहिली होती. बुंध्याला चिकटून सिमेंट, वर पेव्हर ब्लॉक, एका बाजूला केबलसाठी खणलेला चर. पाणी आत जायला वाट नाही आणि मुळांना पसरायला माती नाही. मग झाड देशी असो की परदेशी, ते तोल धरणार कशाच्या जोरावर? दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवर ज्यांच्या सावलीत दोन पिढ्या चालल्या, त्या पर्जन्यवृक्षांपैकी पुष्कळ गेल्या दशकात पिठ्या ढेकणांनी वाळून गेले. त्यांनाही आधी आवळून टाकलेल्या मुळांनी अशक्त केलेलं नसेलच, असं कोण म्हणेल? मुंबईत कोण मूळचा आणि कोण बाहेरचा हा वाद माणसांतही आहे. चार पिढ्या सावली देऊन झाल्यावर झाडाला तरी तो विचारू नये, असं मला वाटतं.

सगळ्याच लढाया जिंकता येत नाहीत, हे ह्या शहरानं पाहिलेलं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेमध्ये करवती लागल्या. सर्वोच्च न्यायालयाची थांबा म्हणणारी सूचना ७ तारखेला आली, तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. मेट्रो हवी की झाडं हवीत, ह्यावर घराघरांत भांडणं झाली; आमच्याही झाली. आता त्या मेट्रोनं लोक जातात आणि त्यांचा वेळ वाचतो, हेही खरं. आमच्या अकरा झाडांची गोष्ट त्यापुढे अगदीच लहान. पण सही करताना आम्ही विचारलं नव्हतं, ही टोचणी लहान नव्हती.

निकाल असा लागला. दोन्ही सोनमोहर आणि गुलमोहर गेले. आसुपालव गेले. तीन नारळ मुळांसकट उचलून मागच्या बाजूला लावले. त्यांतला एक जगला. आंबा आणि जांभूळ कोपऱ्यात होते, ते राहिले. आणि बुचासाठी वास्तुरचनाकारानं गाडीचा रस्ता काही फूट सरकवला. कागदावर रेघ थोडी वाकवावी लागली, एवढंच. आधी कुणी सांगितलं असतं तर सोनमोहरासाठीही वाकली असती का? ह्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. सोनमोहर पडले त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली होती. त्यांची बाजू मांडायला मी उभी राहिले होते, पण आजींकडे होता तसा फोटो माझ्याकडे नव्हता.

सध्या आम्ही सगळे भाड्याच्या जागांत विखुरलो आहोत. आमची जागा स्टेशनच्या पलीकडे. आजी लेकीकडे ठाण्याला. गेल्या कार्तिकात एक दिवस त्यांना घेऊन मी सकाळी जुन्या फाटकापाशी गेले. आत सगळीकडे हिरवे पत्रे, सळ्या, वाळूचे ढीग. फाटकाजवळ बुच उभा. बुंध्याभोवती विटांचं कडं केलेलं, आत माती, आणि त्या मातीवर, पत्र्यांवर, सिमेंटच्या गोण्यांवर सगळीकडे पांढरा सडा. रखवालदाराची सहा-सात वर्षांची मुलगी फ्रॉकचा ओचा करून फुलं वेचत होती.

आजी विटांवर बसल्या. त्यांनी तिच्या ओच्यातली चार फुलं घेतली आणि बोटांनी नळ्या एकमेकींत अडकवू लागल्या. हात थरथरत होते, पण गुंफण चुकली नाही. मुलगी बघत राहिली. मग तिनं स्वतः करून पाहिलं. पहिली सुटली, दुसरी सुटली, तिसरी टिकली.

''इसका नाम क्या है?'' तिनं विचारलं.

''बुच,'' आजी म्हणाल्या. ''बोल, बुच.''

तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि वेणी डोक्यावर धरून बापाला दाखवायला पळाली.

आज रविवार आहे. चहा झाला की मुलांना, नातवंडांना घेऊन जिन्यानं खाली उतरा. आवारात किती झाडं आहेत, ती मोजा. कोणती कोणती, ते एका कागदावर लिहा. जी ओळखू येणार नाहीत, त्यांच्यासमोर जागा मोकळी सोडा आणि इमारतीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या घराची बेल वाजवा. कुणी लावलं, केव्हा लावलं, हेही विचारून घ्या. जुना फोटो असला तर त्याची एक प्रत काढून ठेवा. कागद झाडावर लागल्यानंतर हाताशी सातच दिवस असतात.